रविवारची पांढरी गोळी

१

पत्र कोर्टाच्या पत्त्यावर आलं होतं, पण पाकिटावर कोणाचं नाव नव्हतं. शाळकरी मुलीच्या वळणदार अक्षरात निळ्या शाईने एवढंच लिहिलेलं: 'दुभाषी बाईंना द्यावे.'

कौलूनच्या त्या कोर्टात दुभाषी बाया सात. पत्र तीन दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं आणि शेवटी क्वोक साउ-मानपुढे येऊन पडलं. छप्पन्न वर्षांची साउ-मान तिथे सगळ्यांत जुनी. एकतीस वर्षं ती इंग्रजीचं कँटोनीज आणि कँटोनीजचं इंग्रजी करत आली होती. ऑफिसात सगळे तिला 'मान-जे' म्हणत, म्हणजे मानताई. ज्याचं कोणी नाही त्या कागदाची मानताई, हा तिथला जुना विनोद होता.

पत्र छोटं होतं.

'माझी आई मारिव्हेल दुमालुआन तो-क्वा-वानमधल्या त्सांग यांच्या घरी कामाला होती. तुमच्याकडे तिने तुरुंगवास भोगला. जानेवारीत ती बोहोलला घरी आली आणि मार्चमध्ये गेली. छातीत गाठ होती, ती तिने कोणाला दाखवलीच नव्हती. शेवटपर्यंत म्हणत होती, मी त्यांना सगळं सांगितलं होतं. काय सांगितलंस, असं विचारलं की म्हणायची, तिथल्या कागदावर आहे. मला तो कागद बघायचा आहे. आई खरं बोलली होती का, एवढंच. रिझा दुमालुआन.'

मानला चेहरा लगेच आठवला. बुटकी, रुंद खांद्यांची, सारखा केसांचा चाप काढून परत लावणारी बाई. खटला साधा होता. त्सांगांची चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, घरातली फो-फो, म्हणजे आजी, हृदयाची रोगी. रक्त पातळ ठेवणारी एक पांढरी गोळी तिला रोज लागायची. ती गोळी आठवडाभर दिली गेली नाही आणि शनिवारी सकाळी मेंदूत गुठळी होऊन म्हातारी गेली. औषधं देणं मारिव्हेलचं काम. निष्काळजीपणाने मृत्यू. गुन्हा कबूल, वीस महिने.

मानने कपाटातून फाईल मागवली. पोलिसाने चिनीत लिहिलेल्या जबाबाची सहा पानं होती. मारिव्हेल इंग्रजीत बोलली होती, मानने तोंडी चिनी केलं होतं आणि पोलिसाने ते उतरवलं होतं. चौथ्या पानावर सगळा खटला ज्यावर उभा राहिला ते वाक्य होतं: 'रविवारी मॅडमनी मला सांगितलं, पांढरी गोळी बंद कर.'

मॅडमनी, म्हणजे म्हातारीच्या सुनेने, ते साफ नाकारलं होतं. रविवारी ती शेनझेनला माहेरी होती. सीमेवर नोंद होती, फोटो होते. मारिव्हेलची तर रविवारी सुट्टी. दोघींमध्ये त्या दिवशी ना फोन झाला होता, ना निरोप. म्हणजे मारिव्हेल धडधडीत खोटं बोलत होती. वकिलाने तिला सल्ला दिला, कबूल करून टाक, शिक्षा कमी होईल.

फाईलच्या शेवटी पाकिटात मानची स्वतःची टिपणवही होती. साक्षीदाराचं मूळ वाक्य कानावर पडलं की ती आधी जसंच्या तसं टिपायची. तिने पान शोधलं आणि ओठांत पुटपुटत वाचलं.

"मॅडम टोल्ड मी टू स्टॉप द व्हाइट टॅब्लेट ऑन संडे."

एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिचं बोट शेवटच्या दोन शब्दांवर थांबलं.

इंग्रजीत ते 'ऑन संडे' वाक्याच्या शेपटाला नुसतं लोंबकळत होतं. रविवारी सांगितलं, की रविवारी बंद करायला सांगितलं? चिनीत असं लोंबकळता येत नाही. रविवार कुठल्या क्रियेचा ते ठरवून त्याला तिच्याच पुढे बसवावं लागतं. कोणीतरी तो 'सांगितलं'च्या पुढे नेऊन बसवला होता.

ते कोणीतरी म्हणजे मानच होती.

२

तो जबाब उतरवणारा सार्जंट लो आता निवृत्त झाला होता. सकाळी दहा वाजता तो होक युएनच्या एका चहावाल्याकडे हमखास भेटायचा. समोर दुधाचा चहा आणि लोणी लावलेला अननस-पाव.

"मान-जे! सूर्य कुठून उगवला आज?" त्याने खुर्ची ओढून दिली. "बस. अंगात ताप आहे का? तोंड बघ कसं झालंय."

मानने झेरॉक्स पुढे सरकवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि कागद लांब धरला.

"फिलिपिनो बाई. गोळीवाली. आठवतंय की. त्या दिवशी तू सकाळपासून चौथा जबाब करत होतीस. मी म्हटलं, जेवून ये. तू म्हणालीस, उरकून टाकू."

उरकून टाकू. हे ती विसरून गेली होती.

"लो सर, तुम्ही तिला नेमकं काय विचारलं होतं? मॅडमनी *कधी* सांगितलं, की मॅडमनी *काय* सांगितलं?"

"जबाबात प्रश्न लिहीत नाहीत. तुला माहीत आहे."

"म्हणून तर विचारतेय."

लोने पावाचा तुकडा चहात बुडवला, तसाच धरून ठेवला आणि तो विरघळून पडला. "मी नेहमी 'काय' आधी विचारतो. तीस वर्षांची सवय. काय झालं, काय म्हणाले. 'कधी' नंतर."

"मग 'कधी' विचारलंत?"

"नाही." त्याने चहात चमचा फिरवला. "नाही विचारलं. कशाला विचारू? तू आधीच रविवार सांगितलास ना. दिवस आला, मी पुढे गेलो."

प्रश्न 'काय सांगितलं' हा असेल, तर मारिव्हेलने सांगितलं ते 'काय'च: रविवारी गोळी बंद कर. आणि ज्या एका प्रश्नाने हे उघड झालं असतं, तो मानच्या चुकीच्या वाक्याने विचारूच दिला नव्हता.

"पण शेवटी जबाब वाचून दाखवला होता," लो म्हणाला. जरा बचावाचा सूर होता. "तूच दाखवलास. इंग्रजीत. बाईने मान हलवली, सही केली. चुकीचं असतं तर बोलली नसती?"

"मी चिनीचं परत इंग्रजी केलं, लो सर. माझ्या तोंडून तेच तिचं वाक्य निघालं. शब्दाला शब्द. तिला ते तिच्याच अर्थाने ऐकू आलं."

लोने चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाला, "असंही असेल, तसंही असेल. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही. वाक्यातून आणखी काय काढशील? वाक्य सोड. घर बघ. फोटो आहेत ना फाईलमध्ये?"

फोटो होते. मानने ते बघितलेच नव्हते. दुभाषाला फोटोंशी काय घेणं? दुपारी तिने ते टेबलावर पसरले. स्वयंपाकघर, ओटा, म्हातारीचा पलंग. आणि गोळ्यांची डबी. सात कप्प्यांची, रविवारपासून शनिवारपर्यंत. सरकारी पक्षाने ती ठासून दाखवली होती: बघा, सातही कप्प्यांत पांढरी गोळी तशीच पडलेली आहे.

मानने भिंग घेतलं. सोमवार ते शुक्रवारच्या कप्प्यांत फक्त पांढरी गोळी, बाकीच्या दिलेल्या. शनिवारचा कप्पा अख्खा भरलेला. म्हातारी सकाळीच गेली. आणि रविवार? रविवारच्या कप्प्यातल्या गुलाबी आणि पिवळ्या गोळ्या गेलेल्या होत्या. पांढरी तिथेच.

ती उठून उभी राहिली. रविवारी मारिव्हेल घरात नव्हती. सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतली होती. सुट्टीच्या दिवशी शहरातल्या सेंट्रल भागात पुलाखाली तिच्याबरोबर बसणाऱ्या तिच्या गावच्या बायकांनी तशी साक्ष दिली होती.

मग रविवारी म्हातारीला गुलाबी आणि पिवळी देऊन पांढरी तेवढी कोणी बाजूला ठेवली होती?

३

त्सांग कम-फाई कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवायचा. दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. किल्ली घासायच्या यंत्राचा आवाज थांबवून त्याने वर बघितलं. पन्नाशीचा, खांदे पडलेला माणूस. आईचा मृत्यू त्याने अजून अंगावरून उतरवला नव्हता.

"तुम्ही कोर्टातल्या ना? पुन्हा काय?"

"एकच विचारायचंय, त्सांगसाहेब. त्या रविवारी तुमच्या आईला औषध कोणी दिलं?"

"कोण देणार? मी. बायको माहेरी, बाई सुट्टीवर. दर रविवारी मीच द्यायचो."

"सगळ्या गोळ्या?"

"डबीत होत्या त्या." त्याचा हात यंत्रावर गेला आणि तिथेच थांबला. "नाही. पांढरी नाही दिली."

"का?"

"बायको, वाई-चिंग, म्हणाली होती. मंगळवारी आईची दाढ काढायची होती. दातांच्या डॉक्टरने सांगितलेलं, रक्त थांबायला हवं म्हणून दोन दिवस आधी ती गोळी बंद ठेवा. रविवारपासून." तो हे सहज बोलला, रोज घोकलेल्या पाठासारखं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

"हे बायकोने तुम्हाला कधी सांगितलं?"

"शुक्रवारी. रात्री जेवताना."

"आणि मारिव्हेलला?"

"तेव्हाच. ती ओट्याशी भांडी घासत होती. वाई-चिंगने तिला इंग्रजीत सांगितलं." यंत्राचा दिवा त्याने बंद केला. "मला इंग्रजी येत नाही हो. कोर्टात सगळे म्हणाले, रविवारी सांगितल्याचं ती म्हणते. रविवारी तर वाई-चिंग नव्हतीच. मला वाटलं, बाई खरंच खोटं बोलतेय. शुक्रवारचं मला कोणी विचारलंच नाही."

"आणि दाढ?"

"मंगळवारी आठ नंबरचा बावटा लागला. वादळ. सगळं शहर बंद, दवाखाना बंद. दाढ राहिली."

"मग गोळी पुन्हा सुरू करायला कोणी सांगायचं होतं?"

समोरच्या फळीवर शेकडो कोऱ्या किल्ल्या लटकत होत्या, एकीलाही अजून दात पाडलेले नव्हते. त्सांग त्यांच्याकडे बघत राहिला.

"वाई-चिंगला भेटू नका," शेवटी तो म्हणाला. "मी हात जोडतो. ती रात्रीची झोपत नाही."

४

पण वाई-चिंगच भेटायला आली. नवऱ्याने फोन केला असणार. कोर्ट सुटल्यावर ती फाटकाशी उभी होती. कपड्यांच्या मोठ्या दुकानात काम करणाऱ्या बाईसारखी नीटनेटकी, काळी पँट, गळ्यात ओळखपत्र. डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं. दोघी जवळच्या बागेत बाकावर बसल्या. समोर म्हातारे चिनी बुद्धिबळ खेळत होते.

"तुम्ही काय शोधून काढलंत ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण एक ध्यानात घ्या. मी एका शब्दानेही खोटं बोललेले नाही."

"त्सांगबाई..."

"ऐका. पोलिसांनी मला वाचून दाखवलं: ती म्हणते, रविवारी तुम्ही तिला गोळी बंद करायला सांगितलं. मी म्हटलं, रविवारी मी शेनझेनला होते. खरं की नाही? रविवारी मी तिला काही सांगितलं का, विचारलं. नाही म्हटलं. खरं की नाही?"

"शुक्रवारी सांगितलंत."

"शुक्रवारचं कोणी विचारलं?" तिचा आवाज फाटला. खेळणाऱ्यांपैकी एकाने वळून बघितलं. ती हळू झाली. "त्या रात्री पोलिसांकडून परत येताना मला वाटलं, मी वाचले. दुसऱ्या क्षणाला वाटलं, आता ती कोर्टात उभी राहील आणि म्हणेल, मॅडमनी रविवारी सांगितलं असं मी म्हणालेच नाही. मी रोज वाट बघितली. ती काही बोललीच नाही. गुन्हा कबूल केला. का केला? मला आजपर्यंत कळलेलं नाही."

मानला कळलं होतं. छातीतली गाठ लपवून बसलेल्या बाईला लवकर घरी जायचं होतं.

"तुम्ही तिला नेमकं काय म्हणालात, शुक्रवारी?"

वाई-चिंगने ते इंग्रजीत म्हटलं. अडखळत, शाळेत शिकलेल्या इंग्रजीत. स्टॉप द व्हाइट टॅब्लेट ऑन संडे. एवढंच.

"'फक्त दोन दिवस' हे?"

"ते राहिलं. इंग्रजी बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो. म्हटलं, मंगळवारी दाढ निघाली की सांगू, आता सुरू कर. मंगळवारी वादळ. बुधवारी दुकानात गुडघाभर पाणी. गुरुवारी मी घरी आले आणि पडल्या पडल्या झोपले. शुक्रवारी..." तिने ओळखपत्राची दोरी बोटांभोवती गुंडाळली, इतकी घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं. "सासूवर माझा जीव नव्हता, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. मी विसरले म्हटलं असतं, तर कोणी विश्वास ठेवला असता?"

"मी ठेवते," मान म्हणाली.

"तुमच्या ठेवण्याने काय होतं?" वाई-चिंग उठली. "मला पळून जायला दार दिसलं, मी गेले. नाकारत नाही. पण क्वोकबाई, ते दार मी नाही उघडलं. तो रविवार तिथे कोणी ठेवला?"

५

मानने अकरा पानांचा अहवाल लिहिला. जे सिद्ध होत होतं ते सगळं त्यात होतं. विचारलं होतं 'काय', 'कधी' नव्हे. रविवारच्या कप्प्यात पांढरी गोळी राहिली, म्हणजे ती बंद करायची हे घराला रविवारच्या आधीच ठाऊक होतं. खोटं बोलणारी बाई असा दिवस कशाला निवडेल, ज्या दिवशी ती आणि मालकीण दोघीही घरात नाहीत? आठवड्यातून एकच दिवस जिचा स्वतःचा, ती त्या दिवशी मालकिणीशी बोलल्याचं चुकून तरी म्हणेल का? या घरात, या आठवड्यात, 'ऑन संडे' या दोन शब्दांना बसायला एकच जागा होती.

प्रमुख झेटोसाहेबांनी अहवाल पूर्ण वाचला. ते वाईट माणूस नव्हते.

"मान-जे, त्सांगचं लेखी कुठे आहे?"

"तो आता म्हणतो, आठवत नाही."

"आणि बायको?"

"बागेत बोललं ते बागेतच राहिलं."

"म्हणजे एक फोटो." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्हीच लिहिलंय, वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. दोन्ही होत असतील, तर तुमचा चुकीचा होता असं कसं म्हणायचं? तिने सही केली. कबूल केलं. शिक्षा भोगून झाली. बाई गेली. आता उघडायचं कोणासाठी?"

"तिच्या मुलीसाठी."

"मुलीला पत्र लिहा," झेटो म्हणाले. मग हलक्या आवाजात पुढे म्हणाले, "आपल्या कागदावर नको."

अहवाल वरच्या कचेरीत गेला. दोन महिन्यांनी 'नोंद घेतली' एवढा शेरा मारून परत आला. मान आणखी एकदा वर गेली, तर एका तरुण वकिलाने तिला चहा पाजला आणि निवृत्तीला किती वर्षं राहिली ते विचारलं.

कोर्टात तिचं काम बिघडत चाललं. साक्षीदार साधं वाक्य बोलायचा आणि ती थांबायची. "युवर वर्शिप, साक्षीदाराला विचारायचं आहे, दुकानात *असलेला* माणूस पाहिला, की माणसाला दुकानात *असताना* पाहिलं?" दंडाधिकारी पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसले नाहीत. एका सकाळी तिने नऊ वेळा विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तिला कागदपत्रं तपासायला बसवलं.

तेव्हा तिने बोहोलला फोन लावला. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. रिझाचा आवाज तिच्या पत्रापेक्षा मोठ्या बाईचा होता.

मानने इंग्रजीत सगळं सांगितलं. एकेक वाक्य तोडून, एकाचे दोन अर्थ होणार नाहीत असं. तुझी आई खरं बोलली. चूक माझी झाली. मी तिचं वाक्य मोडलं. कोर्ट आता ते दुरुस्त करणार नाही. मी प्रयत्न केला.

रिझाने दार लावलं असावं, कोंबड्यांचा आवाज लांब गेला.

"तुम्ही तिला विचारायचं होतं," रिझा म्हणाली. "ती तुमच्यासमोर बसली होती ना?"

"हो."

"एकच प्रश्न होता."

"हो."

"का नाही विचारलात?"

भूक लागली होती, चौथा जबाब होता, लिफ्ट बंद होती, वाक्य सोपं वाटलं. यातलं कुठलंच मानच्या तोंडून बाहेर पडेना.

"मी तुम्हाला मुद्दाम पत्र लिहिलं होतं," रिझा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मानला बरं वाटलं असतं. "पोलिसांना नाही, जज्जला नाही. आई तुमच्याबद्दल नेहमी सांगायची. म्हणायची, तिथे सगळे चिनीत बोलत होते, मला काहीच कळत नव्हतं, मी घाबरून गेले होते. पण एक बाई होती. ती माझ्याकडे बघून ऐकायची. तिला माझं सगळं समजत होतं."

फोन कोणी आधी ठेवला ते मानला नंतर आठवलं नाही. टेबलावर तपासायच्या कागदांचा गठ्ठा होता. तिने वरचा कागद उचलला, पहिली ओळ वाचली आणि पुन्हा पहिलीच ओळ वाचली. संध्याकाळी दिवे मालवायला शिपाई आला, तेव्हाही ती त्याच ओळीवर होती.